अप्पांचा नांद्रुक

मुळांच्या कामाचा दिवस आला की अप्पा गच्चीचं दार आतून लावून घेत.

एरवी ती गच्ची सगळ्यांना मोकळी. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एक जुना दुमजली बंगला, त्याच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी अप्पांचा बोन्सायचा वर्ग भरे. फांदीला तार कशी गुंडाळायची, शेंडा कुठे मारायचा, कोणती फांदी ठेवायची नि कोणती काढायची, हे अप्पा विद्यार्थ्यांचा हात हातात धरून शिकवत. मुळांबद्दल बोलतही भरपूर. लहान झाडांचं रिपॉटिंग वर्गासमोर करूनही दाखवत. पण जुन्या झाडाचा ट्रे बदलायचा असला की त्या दिवशी कुणी यायचं नाही. ‘गर्दीत माझा हात चालत नाही,’ एवढंच ते सांगत, आणि अप्पांना पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

गच्चीवर चिंच होती, उंबर होता, बोगनवेली होत्या, एक गोरखचिंच होती. मान मात्र नांद्रुकाचा. पूर्वेच्या कठड्याशी, दोन फुटांच्या लांबट मातीच्या ट्रेमध्ये तो उभा होता. खोड बुंध्याशी हाताच्या पंजात मावणार नाही एवढं जाड, त्यातून चारी बाजूंना जमीन धरून पसरलेली मुळं, आणि वर हिरवा डेरेदार घेर. उंची म्हणाल तर अडीच फूट. नवीन विद्यार्थी आला की आधी तिथे थांबे, आणि अप्पा त्याला नांद्रुकाची हकिकत सांगत.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. मुठेचं पाणी पेठांत शिरलं आणि नदीकाठचे वाडे बसले. शनिवार पेठेतल्या ज्या वाड्यात अप्पा वाढले, त्याची मागची भिंत त्या दिवशी गेली. नांद्रुक, वड, पिंपळ ही झाडं भिंतीत सहज रुजतात. पक्षी फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी विटांच्या सांध्यात पडतं आणि चिमूटभर ओलीवर झाड उभं राहतं. पाणी ओसरल्यावर अप्पा गाळ उपसत होते. तेव्हा त्यांचं वय 17. मातीच्या ढिगात त्यांना अंगठ्याएवढ्या खोडाचं एक रोप दिसलं. मुळांनी विटेचा एक तुकडा आवळून धरला होता. ओढून पाहिला, सुटेना. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, ‘राहू दे, दोन्ही घे.’ वीट, माती आणि रोप, तिन्ही एका घमेल्यात गेलं. त्या घरातून जे काही हाती लागलं, त्यात जिवंत एवढंच होतं.

पुढे जपानी बोन्सायची पुस्तकं अप्पांच्या वाचनात आली आणि घमेल्यातलं रोप ट्रेमध्ये आलं. आई होती तोवर सकाळचं पाणी तीच घालत असे.

ही हकिकत संपली की अप्पा हमखास दुसरी सांगत, जपानच्या झाडाची. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडे पांढऱ्या पाइनचा एक बोन्साय होता. 1625 पासून तो जोपासला जात होता. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. स्फोटाच्या जागेपासून जेमतेम 3 किलोमीटरवर त्यांचं घर होतं. बागेच्या भिंतीआड असलेला तो पाइन वाचला, घरची माणसंही वाचली. 1976 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली, तेव्हा जपानने 53 बोन्साय भेट पाठवले. त्यात यामाकींनी हा पाइन दिला. आपल्या झाडानं काय सोसलं होतं, याची तिथे चर्चा झाली नाही. 2001 मध्ये यामाकींचे नातू वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये ते झाड बघायला गेले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून ही गोष्ट तिथल्या लोकांना कळली. ‘झाडाची जिद्द बघा,’ असं म्हणून अप्पा नांद्रुकाकडे वळत.

ही दोन्ही झाडं विद्यार्थ्यांच्या मनात एकमेकांशेजारी उभी राहत. आणखी एक जण त्या गोष्टी ऐकत असे, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मुळशीकडच्या एक मावशी कित्येक वर्षं त्या घरी कामाला होत्या. घरातलं आवरून झालं की गच्चीवर पाणी घालणं त्यांच्याकडे. रविवारी वर्ग चालू असताना त्या मागच्या रांगेतून झारी घेऊन फिरत. अप्पा त्यांना ‘बाई’ म्हणत. बाकी सगळ्यांच्या त्या मावशी.

बोन्साय म्हणजे मुळं छाटून झाडाला खुजं ठेवण्याचा क्रूरपणा, हा समज मला फार खटकतो. झाड लहान राहतं ते मुख्यतः फांद्या नि शेंडे पुन्हा पुन्हा छाटल्याने आणि मुळांना जागा बेताची असल्याने. मुळं कापायची ती झाड जगावं म्हणून. जाड मुळं झाडाला उभं धरतात आणि पाणी वर वाहून नेतात. प्रत्यक्ष पाणी पितात ते कोवळ्या टोकामागचे मूलरोम. ते थोडेच दिवस टिकतात, त्यांच्या जागी नवे येत राहतात, आणि नवे यायचे तर मुळाचं टोक वाढत राहायला हवं. त्याला जागा लागते, हवा लागते. ट्रेमध्ये काही वर्षांत मुळं कडेला पोचून गोल फिरू लागतात. मातीच्या कणांची झिजून धूळ होते, ती तळाशी बसते. मग वरून कितीही पाणी ओता, आत शिरत नाही. अशा वेळी झाड बाहेर काढून मुळं मोकळी करावी लागतात, कडेची नि तळाची कापावी लागतात, आणि ताज्या मिश्रणात झाड पुन्हा बसवावं लागतं. कापाच्या मागून नव्या मुळांचा झुबका येतो. जुनं झाड मुळांपाशी असं पुन्हा पुन्हा कोवळं होत जातं. हे काम ज्याचं थांबलं, ते झाड म्हातारं होतं.

पुण्याच्या हवेत नांद्रुकाला दर दोन-तीन वर्षांनी हे लागतं. झाड फार जुनं असेल तर चार. अप्पांच्या नांद्रुकाला आठ वर्षं झाली होती. मध्ये अप्पांचं आजारपण झालं, नंतर उजव्या हाताला कंप सुटला. चहाची कपबशी डाव्या हातात आली. फांद्यांचं काम वर्गातली मंडळी अप्पांच्या देखरेखीखाली करत. मुळांचं काम कुणाकडे सोपवायचा विषय अप्पांनी काढला नाही.

त्या उन्हाळ्यात नांद्रुकाची आतली पानं पिवळी पडून गळायला लागली. नवी आली ती बारीक, निस्तेज. वर्गातल्या जाणत्या मंडळींनी पानं उलटून पाहिली, भिंग लावून कीड शोधली. एकाने बुरशीनाशकाची फवारणी सुचवली, दुसऱ्याने खत. तिसऱ्याने झाड सावलीत हलवायला लावलं. सगळं करून झालं, गळती थांबेना.

मावशी दोन-तीनदा बोलायच्या बेताने जवळ आल्या आणि परत गेल्या. मग एका सकाळी, वर्ग नसताना, त्या अप्पांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“अप्पा, ह्याचं पानी खाली येत न्हाई.”

“उन्हाळा आहे, बाई. माती पिऊन घेते.”

“पीत न्हाई, वरच उभं ऱ्हातं. आदी कसं, ह्याला झारी ओतली नि दुसरी भरून आले की खालनं गळायला लागलेलं असायचं. आता चिचंला घालून हुतं, उंबराला हुतं, तरी ह्याचं तळं तसंच. आनि झाड वर आलंय. ह्या कडेला माझी दोन बोटं बसायची, आता माती कडेच्या वर हाय.”

अप्पांनी मान हलवली, पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे स्वतः उठून गच्चीवर गेले. तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतलं आणि ट्रेखाली हात धरून बसले. बराच वेळ हात कोरडाच राहिला. मग जे आलं ते कडेच्या भोकातून, मातीचं, चिकट. ट्रेच्या काठाशी त्यांनी बोट टेकवलं. मुळांनी झाडाला खरंच वर उचललं होतं.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं, की वर्गातल्या कुणालाही हे दिसलं नाही यात त्यांच्या अकलेचा दोष नव्हता. ते आठवड्यातून एकदा येत आणि झाडाचा आकार बघत. रोज झारी ओतणारा माणूस मातीचा श्वास ओळखतो. हे ज्ञान शिकवून येत नाही आणि ते ज्याच्याकडे असतं, त्याला आपण सहसा विचारत नाही.

अप्पा मृगाची वाट पाहत राहिले. नांद्रुकाच्या मुळांना ऊब हवी आणि हवेत ओलावाही हवा, म्हणून पहिला पाऊस पडून गेल्यावरचे दिवस चांगले. पाऊस झाला. कामाच्या आदल्या दिवशी त्यांनी नांद्रुकाला पाणी घालू दिलं नाही. माती किंचित सुकलेली असली की मुळांपासून सुटते, ओल्या चिखलात बारीक मुळं तुटतात. सकाळी आठला ते गच्चीवर गेले आणि नेहमीसारखी आतून कडी घातली.

पक्कड घेऊन ट्रेखालच्या तारा कापायच्या होत्या. पहिली तार पकडीत येईपर्यंत त्यांना घाम फुटला. उजवा हात थरथरत होता आणि डाव्यात जोर नव्हता. जुना विळा ट्रेच्या कडेने फिरवायला घेतला तर तो मुळांत रुतला, निघेना. दोन्ही हातांनी ओढताना पात्याने खोडाच्या सालीला खरचटलं आणि पांढरा चीक टपटपू लागला. अप्पा मागे सरून खुर्चीत बसले. नऊ वाजले, साडेनऊ झाले. जिन्यात झारीचा आवाज आला, मग दारावर थाप.

“अप्पा, पानी घालायचं ऱ्हायलंय.”

अप्पांनी उठून कडी काढली. “बाई, जरा धरायला या,” म्हणाले.

मावशींनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा अप्पांच्या हाताकडे. पदर खोचला. तारा कापल्या, विळा सोडवून चारी बाजूंनी फिरवला. मग अप्पांच्या सांगण्यावरून बुंधा दोन्ही हातांत धरून झाड हळूहळू पुढे-मागे हलवलं. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला आतून फाटल्यासारखा आवाज आला आणि नांद्रुक अख्खाच्या अख्खा ट्रेबाहेर आला. दोघांनी मिळून तो ओल्या गोणपाटावर ठेवला. खालचा भाग हुबेहूब ट्रेच्या आकाराचा झाला होता. माती कुठे दिसतच नव्हती, नुसती तपकिरी मुळांची जाळी.

“आता हात तुमचा चालेल,” अप्पा म्हणाले. “मी सांगतो.”

बांबूची काडी घेऊन मावशींनी कडेपासून सुरुवात केली. खोडापासून बाहेरच्या दिशेने, एकेक मूळ सोडवत. अप्पांनी एकदाच सांगितलं, ‘ओढायचं नाही.’ ते सांगायची खरं तर गरज नव्हती. आषाढात गावी भाताच्या खाचरात रोपं लावलेली बोटं होती ती. कोणतं मूळ येतंय आणि कोणतं अडलंय, हे त्यांना काडीच्या टोकाशी कळत होतं. मोकळी झालेली मुळं बाहेर लोंबायला लागली, काही हातभर लांब. त्यांच्यावर पाणी शिंपडत राहायचं काम अप्पांनी आपल्याकडे घेतलं. उघडी मुळं पाच मिनिटं वाऱ्यावर सुकली तर बारीक टोकं जळतात. तेवढं काम थरथरत्या हातालाही जमत होतं.

मग करवतीने तळाचा तीन बोटं जाडीचा थर कापला. लांब मुळं आखूड केली. प्रत्येक कापाला चीक येई, मावशी तो ओल्या फडक्याने टिपत. खाली जाणारं जाड मूळ तिरपं कापायचं, त्याच्या बाजूला असलेला बारीक मुळांचा पुंजका ठेवायचा, हे अप्पांनी दोनदा दाखवलं आणि नंतर सांगावं लागलं नाही. गोणपाटावर कापलेल्या मुळांचा ढीग झाला. जिवंत मुळांची टोकं पांढरी होती, आणि सगळीकडे नांगरलेल्या ओल्या रानाचा वास सुटला होता.

मावशींनी काडी बुंध्याखाली घातली. ती आत जाऊन टक्कन थांबली. बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा लगदा होता आणि त्याला आंबूस वास येत होता.

“बास,” अप्पा म्हणाले. “आतलं राहू द्या. बसवू या आता.”

मावशी उठल्या नाहीत. काडी हातात तशीच धरून म्हणाल्या, “पोरांना तर सांगता, जुन्या झाडाचा मधला गोळा उघडा म्हनून. न्हाई उघडला तर आत पानी जात न्हाई, तिथंच कुजायला लागतं. धा येळा ऐकलंय मी.”

“बाकीच्या झाडांचं सांगतो. याचं वेगळं आहे.”

“ह्याचा गोळा तुमी कवाच उघडला न्हाई?”

अप्पा बोलले नाहीत. दार कशासाठी लागत होतं ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं. दर वेळी त्यांनी कडा कापल्या, तळ कापला, वरची माती बदलली, आणि मधल्या गोळ्याला हात लावला नाही. तिथे वीट होती. आईच्या माजघराची वीट आणि त्या भिंतीची माती, 1961 च्या जुलैत घमेल्यात आली तशी. शिष्यांसमोर काम केलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं.

“तिथे हात लावला आणि झाड गेलं तर?” शेवटी अप्पा म्हणाले. “माझ्या हातून ते व्हायला नको होतं. आता माझे हातही राहिले नाहीत. मी आहे तोवर आहे ते राहू दे.”

मावशींनी थोडा वेळ विचार केला.

“अप्पा, ते जपानचं झाड सांगता न्हवं? चारशे वर्साचं? त्याला काय एकाच मान्सानं पानी घातलं व्हय?”

ती गोष्ट अप्पांनी शेकडो लोकांना सांगितली होती, प्रत्येक वेळी झाडाच्या जिद्दीची म्हणून. 1625 मध्ये ज्याने ते रोप हाती घेतलं, त्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच्यानंतर कितीतरी जणांनी ते झाड बाहेर काढलं असणार, उघडलं असणार, कापून पुन्हा बसवलं असणार. यामाकींनी तर ते समुद्रापलीकडे परक्यांच्या हाती दिलं, आणि त्या परक्यांनीही त्याच्या मुळांना हात घातला, म्हणून ते आजही जिवंत आहे. आपण सांगत होतो त्या गोष्टीतली माणसं आपण कधी मोजलीच नाहीत, हे अप्पांच्या ध्यानात आलं.

ते खुर्ची ओढून गोणपाटाशी आले आणि झाडाच्या पश्चिमेकडे बोट केलं. “एवढीच बाजू उघडा. अर्धीच. पूर्वेकडच्या अर्ध्याला काडीही लावायची नाही.”

यामागे शास्त्र आहे. तरणा नांद्रुक सोशिक असतो, सगळी माती धुऊन काढली तरी उभा राहतो. साठी उलटलेल्या आणि आधीच आजारी पडलेल्या झाडाला ते झेपेलच असं नाही. निम्मी मुळं जुन्या मातीत जशीच्या तशी ठेवली, तर नवी येईपर्यंत तीच झाडाला पाणी पुरवतात. उरलेला निम्मा भाग दोन पावसाळ्यांनंतर. पाइनसारख्या झाडांच्या बाबतीत तर हा नियम कसोशीने पाळतात, कारण त्यांच्या मुळांसोबत एक उपयुक्त बुरशी राहते आणि सगळी माती धुतली तर तीही जाते.

मावशी काडीने पश्चिमेचा गोळा फोडत आत गेल्या. काळी पडलेली मुळं चिमटीत धरून ओढली की साल हातात येई आणि आतली दोरी लोंबत राही. कुजलेल्या मुळाची ही खूण अप्पांनी वर्गात शिकवली होती. ती सगळी त्यांनी जिवंत लाकूड लागेपर्यंत कापली. गिचगोळा माती निघाली, तिला भिंतीच्या चुन्याचे पांढरे ठिपके होते. आणि मग वीट दिसली. जुन्या पद्धतीची, चपटी, तळहाताएवढा तुकडा. तिला धरून असलेली मुळं कधीच मेली होती. मावशींनी बोट लावलं तशी ती सुटून आली.

“काढू?”

“निघालीच आहे,” अप्पा म्हणाले. हात पुढे करून त्यांनी ती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. एका बाजूला मुळांचे ठसे उमटलेले होते. “टाकू नका.”

“टाकते कशाला? आपल्या मिश्रनात तरी दुसरं काय असतं? विटाच की.”

हे अगदी खरं होतं. जपानात आकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. आपल्याकडे भाजलेल्या विटेचे दाणे तेच काम करतात: पाणी धरतात, जास्तीचं सोडून देतात आणि दाण्यादाण्यांत हवा राहू देतात. अप्पांचं मिश्रण विटेचे दाणे, नदीची जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत असं असे. अप्पांनी वीट मावशींच्या हाती दिली. मावशींनी ती फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडली. आधी गव्हाच्या चाळणीने मोठे खडे वेगळे केले, ते पुन्हा फोडले. मग पिठाच्या चाळणीने धूळ काढून टाकली, कारण ट्रेमध्ये पाणी अडवते ती धूळच. उरलेले ज्वारीएवढे दाणे दोन ओंजळी भरले. ते तयार मिश्रणात कालवले.

पुढचं काम भराभर झालं. भोकांवर जाळी, जाळीतून वर काढलेल्या तारा, तळाशी जाड दाण्यांचा थर, मध्ये मिश्रणाचा उंचवटा. मोठ्या कापांवर हळद दाबून झाड त्या उंचवट्यावर टेकवलं, थोडं फिरवून घट्ट बसवलं आणि तारांनी बांधलं. झाड वाऱ्याने हललं की फुटणारी नवी टोकं तुटतात, म्हणून ही बांधणी पक्की लागते. मग मिश्रण ओतत, बांबूच्या काडीने मुळांच्या मधल्या पोकळ्यांत ठासत गेले. पश्चिमेकडे जिथून वीट निघाली तिथे सगळ्यात जास्त मिश्रण लागलं. नांद्रुकाची मोठी पानं आणि लांबलेले शेंडे काढून टाकले, म्हणजे कमी झालेल्या मुळांवर भार पडणार नाही.

शेवटी मावशींनी झारी उचलली. खालून आधी लाल पाणी आलं, मग गढूळ, आणि चौथ्या झारीला स्वच्छ. पहिली झारी संपायच्या आत खालून धार लागलेली अप्पांनी पाहिली.

नांद्रुक टाकीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असा ठेवला. महिनाभर खत नाही. पहिल्या पंधरवड्यात आणखी पानं गळली आणि अप्पांची झोप उडाली. वर्गात कुजबुज झाली, की अप्पांनी कामवाल्या बाईंकडून जुनं झाड उघडवलं. अप्पांनी ती ऐकली आणि कुणाला काही समजावलं नाही. आषाढ सरता सरता फांद्यांच्या टोकांना टोकदार कोंब आले. श्रावणात झाड नव्या पानांनी भरलं. पानांचा आकार पुन्हा पूर्वीचा झाला.

गच्चीवर अप्पांची एक वही असे. प्रत्येक झाडाच्या पानावर तारीख आणि काय केलं ते. नांद्रुकाच्या पानावर आजवर एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली होती, ‘मुळे छाटली.’ या वेळी त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत सविस्तर नोंद केली: पश्चिम बाजू उघडली, वीट काढली, कुजका भाग कुठून कुठपर्यंत होता, पूर्व बाजू तशीच ठेवली आहे, ती दोन पावसाळ्यांनी उघडावी. त्याखाली काम कुणी केलं त्या जागी मावशींचं पूर्ण नाव लिहिलं. वर्गातल्या कित्येकांना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या रविवारी चिंचेची पाळी होती. चिंच नांद्रुकापेक्षा हळवी. तिची मुळं त्याहून बेताने कापायची असतात. अप्पांनी वर्गाला गोल बसवलं, काडी मावशींच्या हाती दिली आणि स्वतः पाणी शिंपडायला बसले. ज्यांनी कुजबुज केली होती तेही पुढे सरकून बघत होते. त्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी काम संपल्यावर मावशींना विचारलं, “आत किती जायचं हे कसं ठरवता?” मावशींनी त्यांचा हात धरला, काडी त्यांच्या मुठीत दिली आणि मुळांपाशी नेला.

दोन पावसाळ्यांनंतर नांद्रुकाची पूर्व बाजू उघडली, तेव्हा चार जोड्या हात त्या कामावर होते. पश्चिमेकडची मुळं पांढऱ्या टोकांनी दाट भरली होती, आणि त्यांनी विटेचे लाल दाणे धरून ठेवले होते. त्या बाजूला कुणी हात लावला नाही.

तुमच्या घरी ट्रेमध्ये किंवा कुंडीत एखादं जुनं झाड असेल आणि चार-पाच वर्षांत ते बाहेर काढलेलं नसेल, तर उद्या सकाळी पाणी घातल्यावर खालच्या भोकाशी दोन मिनिटं थांबून बघा. पाणी वरच उभं राहत असेल, तर खतावर पैसे घालवू नका. मृगापर्यंत विटा फोडून चाळून ठेवा, पहिल्या खेपेला अर्धीच बाजू उघडा, कोणती उघडली ते लिहून ठेवा. आणि त्या झाडाला घरात रोज पाणी कोण घालतं, त्या माणसाला त्या दिवशी आधी बोलवा, काडी त्याच्या हातात द्या.